मंगळवारचे बिनकामाचे फोन

माननीय नलिनीताई दिघे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडत होतो मी एकटा. ताई समोर बसून मक्याचे दाणे निवडत होत्या.

या गौरवग्रंथात ताईंचं शिक्षण, पशुखाद्याच्या धंद्यातली त्यांची इतक्या वर्षांची नोकरी आणि माळव्यातल्या व्यापाऱ्यांमध्ये असलेला त्यांचा दबदबा, यांवर मोठी माणसं लिहीत आहेतच. संपादक मंडळाने मला सांगितलं की तू चार वर्षं ताईंच्या हाताखाली आहेस, तू रोजचं लिही, आणि भिया (इंदुरात भावाला असंच म्हणतात), जरा सांभाळून लिही. सांभाळून लिहिणं हा माझा प्रांत नाही, पण ताईंच्या साठाव्या वर्षाचा मान ठेवून प्रयत्न करतो.

आमची फीड मिल इंदूरजवळ खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे आहे. गेटसमोरून रोज त्या मोठ्या इंजिनीअरिंग संस्थेच्या बसेस जातात. मी पहिल्यांदा आलो तेव्हा त्या बसेसकडे बघवत नव्हतं, कारण मी नुकतंच तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं होतं. कॉलेज ते नाही, आपलं साधंच होतं. एका मुलीवरून एका मुलाशी हाणामारी झाली, मग प्राचार्यांशी वाद झाला, आणि मग मीच म्हटलं, ठेवा तुमची डिग्री तुमच्याजवळ. बाबा ताईंच्या वडिलांबरोबर कापड मिलमध्ये क्लार्क होते. त्या ओळखीवर त्यांनी मला ताईंकडे पाठवलं आणि मी पाय आपटत आलो.

ताई तेव्हा खरेदी विभागाच्या प्रमुख होत्या, आजही आहेत. त्यांनी माझ्यापुढे मक्याचे दोन स्टीलचे वाडगे ठेवले आणि यातला कोणता घ्यायचा नाही, ते विचारलं. दोन्ही सारखेच पिवळे. मला वाटलं, ही बाई माझी मजा घेते आहे. मी म्हटलं, मी इलेक्ट्रिकलला होतो, मक्याचा डॉक्टर नाही, आणि नोकरी द्यायची नसेल तर सरळ सांगा. आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, मग एकेक वाडगा माझ्या कानाशी नेऊन हलवला. पहिला खणखण वाजला. दुसरा दबका, ओल्या मातीवर चालल्यासारखा.

“दुसऱ्यात पाणी आहे,” ताई म्हणाल्या. “चार दिवस गोदामात राहिला की बुरशी धरेल. मग म्हशीच्या पोटात, मग दुधात. ते दूध कोणत्या घरी जातं ते आपल्याला ठाऊक नसतं. उद्या नऊला या. राग घरी ठेवून आलात तर बरं. आणलात तर गेटवर त्याची एन्ट्री करावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी खरोखर गेटवरच्या चौकीदाराने विचारलं, “भिया, साथ में क्या लाए हो?” ताईंनी त्याला सांगून ठेवलं होतं. चार वर्षं झाली, तो अजून विचारतो.

ताईंचं काम बाहेरच्या वाचकांना समजावं म्हणून थोडं सांगतो. कारखाना कोणताही असो, माल आला नाही तर मशीन बंद ठेवता येतं. आमच्या गिऱ्हाइकाला चार पाय असतात, नाहीतर दोन पंख, आणि त्याला रोज सकाळी खायला लागतं. रस्ता बंद आहे हे म्हशीला सांगून उपयोग नाही. त्यात म्हैस महाहट्टी. खाद्याची चव अचानक बदलली की टोपलं नाकाने ढकलून देते आणि दोन दिवसांत दूध आटतं. म्हणजे संकटाच्या दिवशी मक्याऐवजी दुसरं काहीतरी घालून वेळ मारून नेऊ, असं चालत नाही. ते दुसरं काहीतरी जनावराच्या तोंडाला आधीपासून ओळखीचं असावं लागतं.

म्हणून ताईंनी मिलमध्ये एक पद्धत पाडली. महिन्यातून एका दिवशी, कोणालाही आधी न सांगता, त्या सकाळी फळ्यावरचं एक नाव ओल्या फडक्याने पुसून टाकतात. कधी मका, कधी सरकीची पेंड, कधी मोलॅसिस, म्हणजे उसाची मळी. ती वस्तू त्या दिवसापुरती जगात नाही असं धरून चालायचं. लॅबवाल्यांनी तिच्याशिवाय खाद्य बनवायचं, आम्ही खरेदीवाल्यांनी तिच्या बदल्यात कोण काय देईल ते शोधायचं, आणि थोडी पोती खरोखर बनवून नेहमीच्या डेअऱ्यांवर पाठवायची. मिलमध्ये त्याची मस्करी चालते. सकाळी आत शिरताना लोक विचारतात, “दीदी ने आज किसको मारा?” ताईंना हे माहीत आहे. एकदा त्यांनी स्वतःच फळ्यावर मक्याच्या नावापुढे ‘कै.’ लिहून ठेवलं होतं.

ही चाचणीची पोती सिमरोलच्या गीताबाईंकडे जातात. गीताबाईंच्या अकरा म्हशी आहेत आणि प्रत्येकीचं मत वेगळं आहे. त्यांच्या गोठ्यात ताई आधी चिमूटभर खाद्य स्वतःच्या जिभेवर ठेवतात, मीठ कमी की जास्त ते सांगतात, आणि मग टोपलं पुढे करतात. गीताबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या की बाई, तुम्हीच खाता तर म्हशींना काय उरणार. पण त्या दिवसापासून त्यांनी आमचं खाद्य कधी बदललं नाही.

हे सगळं दिसणारं काम. आता न दिसणारं सांगतो, कारण माझ्या लेखाचा विषय तोच आहे.

ताई दर मंगळवारी सकाळी दहा ते अकरा फोन करतात. ज्यांच्याकडून त्या आठवड्यात काहीही घ्यायचं नसतं, अशाच लोकांना. माळव्यातले लहान व्यापारी, गोदामवाले, पेंड काढणारे, ट्रॅक्टरवाले. भाव विचारायचा नाही हा नियम. गुडघा कसा आहे, मुलीचा निकाल लागला का, विहिरीला पाणी आहे का, एवढंच. त्यासाठी एक लांब वही आहे, खाकी कव्हरची. दर पानावर एक माणूस. त्याच्या खाली तारखा आणि एकेक ओळ. ‘थोरला भाऊ वेगळा झाला.’ ‘चहा सोडला, डॉक्टरने सांगितलं.’ ‘भाभीजींना श्वासाचा त्रास.’

आमचे मालक अग्रवालजी दिलदार माणूस आहेत, पण त्यांनाही हे कधी पटलं नव्हतं. ते म्हणायचे, “दीदी, ये परचेज डिपार्टमेंट है कि सत्संग?” ताई हसायच्या आणि पुढचा नंबर लावायच्या.

मग ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने घरी विश्रांती सांगितली. ताईंनी राजवाड्यामागच्या त्यांच्या घरी मला बोलावून वही माझ्या हातात दिली. त्या म्हणाल्या की साठ्याचं लॅब बघेल, बिलं अकाउंट्स बघेल, तू फक्त मंगळवार सांभाळ. परत कामावर आल्यावरही वही त्यांनी माझ्याकडेच राहू दिली, शिकायला.

आणि मी ती सांभाळली नाही.

खोटं बोलायचं नाही ठरवलं आहे, म्हणून लिहितो. ज्या मुलीवरून मी कॉलेज सोडलं, ती शिकून पुण्याला नोकरीला गेली होती. मंगळवारी तिचं ऑफिस उशिरा असायचं. दहा ते अकरा. मी गोदामाच्या मागे जाऊन तिला फोन लावायचो. ती उचलायची नाही, तर पुन्हा लावायचो. उचलला तर काल का उचलला नाहीस, कोणाबरोबर होतीस, तिथे जाऊन बदललीस, एवढंच माझं बोलणं. अकरा वाजता लाल डोळ्यांनी आत यायचो, वही उघडायचो आणि दहा मिनिटांत सगळी पानं भरून टाकायचो. कुणाला फोन न करता. ‘सगळे खुशाल.’ ‘तब्येत ठीक.’ ‘भाभीजी मजेत.’ मला वाटायचं, बिनकामाच्या फोनमध्ये असं काय असतं. गुडघा काय या मंगळवारचा आणि काय त्या मंगळवारचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रकवाल्यांचा चक्का जाम लागला. सगळ्यांना वाटलं, दोन दिवसांचा खेळ आहे. ताईंचा नियम आठ दिवसांच्या साठ्याचा आहे, म्हणून आमच्याकडे पहिले दिवस काहीच कळलं नाही. शेजारच्या दोन मिल तिसऱ्याच दिवशी बंद पडल्या आणि त्यांची गिऱ्हाइकंही आमच्या गेटवर यायला लागली. पाचव्या दिवशी जाम सुटायची चिन्हं नव्हती आणि मका जेमतेम दीड दिवसाचा उरला होता. ताईंनी मक्यासाठी तीन पुरवठादार ठेवले होते. पहिल्याचे ट्रक महाराष्ट्राच्या हद्दीत उभे होते. दुसऱ्याचा माल खंडव्याच्या पुढे अडकला होता. तिसरे होते मानपुरचे रामेश्वरजी पाटीदार. त्यांचं काम छोटं, भाव जरा जास्त, म्हणून बरेच महिने त्यांच्याकडून काही घेतलं नव्हतं. पण त्यांच्याकडे स्वतःचं गोदाम होतं, स्वतःचे ट्रॅक्टर-ट्रॉली होते, आणि पेरणीसाठी ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल होतं. ट्रक नको, पंप नको. महूच्या बाहेरून गावागावांतल्या रस्त्यांनी ट्रॉली थेट आमच्या गेटवर आल्या असत्या.

सकाळी गीताबाई स्वतः चालत आल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की परवा मिळेल का, नाही तर दोन म्हशी आत्ताच विकून टाकते, नंतर उपाशी जनावराला कोण विचारतं. ताईंनी त्यांना सांगितलं, विकू नका. मी तिथेच उभा होतो. ताईंनी आपला शब्द दिला, आणि तो माझ्या वहीच्या भरवशावर दिला होता.

अग्रवालजींच्या केबिनमध्ये ताईंनी वही उघडून रामेश्वरजींचं पान काढलं, नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. मी दाराजवळ उभा होतो. माझ्या मनात तेव्हाही काही आलं नाही. नमस्कार झाला. मग ताईंनी, नेहमीच्या सवयीने, कामाचं बोलण्याआधी वहीत बघून विचारलं, “रामेश्वरजी, भाभीजी कैसी हैं? अब तो साँस ठीक है ना?”



“वा तो चली गी, मैडम,” रामेश्वरजी म्हणाले. “तीन मइना हुइ ग्या.”

आणि फोन ठेवला.

ताईंनी वहीवर हात ठेवला. अग्रवालजी काहीतरी बोलायला लागले, ताईंनी हाताने थांबवलं. त्यांनी पानावरच्या माझ्या ओळी एकेक करून वाचल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी ताईंना रागावलेलं कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशीही बघितलं नाही. त्यांचे ऑपरेशन झालेले डोळे भरून आले होते आणि डॉक्टरांनी चोळायला मनाई केली होती, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. ते बसणं मला सहन झालं नाही.

मी म्हटलं, मी राजीनामा देतो, आत्ता लिहून देतो.

ताई म्हणाल्या, “ते तुला फार सोपं आहे. कॉलेजलाही तू तेच दिलंस. तुझ्या गाडीत पेट्रोल आहे?”

होतं. त्या आठवड्यात इंदूरच्या पंपांवर रांगा लागल्या होत्या, पण माझी टाकी पूर्ण भरलेली होती. ती मी जाम लागायच्या आदल्या दिवशीच भरली होती, पुण्याला जाण्यासाठी. मोटारसायकलवरून, एकदमात, तिच्या ऑफिसच्या दारात उभं राहायला. ताईंना मी हे सांगितलं नव्हतं. मिलमध्ये कोणतीही गोष्ट तिसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असते, तशी ही त्यांना माहीत होती.

साठीला टेकलेल्या ताई, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर ती वही, माझ्या मागे मोटारसायकलवर बसून मानपुरला निघाल्या. अग्रवालजी म्हणाले, दीदी, निदान मोबाइलवरून माफी मागून बघा. ताईंनी त्यांना सांगितलं की फोनने बिघडलंय, ते फोनने दुरुस्त होणार नाही.

रस्त्यात महूजवळ आम्ही पाण्यासाठी थांबलो. तिथे त्यांनी मला विचारलं की पुण्याला जाऊन तू तिला काय विचारणार होतास. मी म्हटलं, फोन का उचलत नाहीस, ते.

“म्हणजे भाव विचारायलाच चालला होतास,” ताई म्हणाल्या. “गरज तुझी, माल तिचा. असा फोन मी तरी कशाला उचलीन?”

मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार आला. मानपुर येईपर्यंत मी गाडी जरा जोरातच चालवली. ताईंनी मागून फक्त एकदा खांद्यावर टिचकी मारली, हळू चालव म्हणून.

रामेश्वरजींचं घर हमरस्त्यापासून आत, गोदामाला लागून आहे. ते ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत, पण खाट सरकवली. भिंतीवर भाभीजींचा फोटो होता, हार अजून वाळलेला नव्हता, म्हणजे कोणीतरी नवा घालत होतं. ताईंनी फोटोला हात जोडले आणि खाटेवर बसल्या.

मग ताईंनी सरळ सांगितलं. मका हवा आहे हे लपवलं नाही. त्या म्हणाल्या, मक्याचं काम नसतं तरी आज नाही, तीन महिन्यांपूर्वी मी इथे यायला हवं होतं. आले नाही, कारण मला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं ही चूक माझ्या वहीची. वही माझी आहे.

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, वही ताईंची असेल, पण लिहिलं मी होतं. फोन केले नाहीत आणि केले असं लिहिलं.

रामेश्वरजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कंई लिख्यो थो? बाँच.”

वाच म्हणाले. मी वही घेतली. मी तारीख वाचली, मंगळवार, आणि खाली माझ्याच अक्षरात: भाभीजी मजेत.

“उ मंगल के,” ते म्हणाले, “तेरवीं थी. घर में सौ लोग था. फोन की घंटी बजती तो कोई भी उठा लेतो.”

मी खाली मान घालून उभा राहिलो. रामेश्वरजी उठले, आत गेले. मला वाटलं, संपलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेन होतं.

“अब सही लिख,” ते म्हणाले. “नाम लिख पेला. भाभीजी-भाभीजी कंई लगा रख्यो है. कमला नाम थो वणको.”

ताईंनी एकदम मान वर केली. इतक्या वर्षांच्या वहीत त्या पानावर कमलाबाईंचं नाव कुठेच नव्हतं, ताईंच्याही अक्षरात नव्हतं. ताईंनी तिथेच रामेश्वरजींपुढे हात जोडले आणि ही चूक मात्र पूर्ण माझी, असं म्हणाल्या. मी लिहिलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली, आजार लिहिला, शेवटच्या दिवसांत त्यांना कोणती भाजी आवडायची तेही रामेश्वरजींनी लिहायला लावलं. मेथीची. पान संपलं, पुढचं उलटलं. सुनेने चहा आणला. तो पिऊन होईपर्यंत मक्याचं नाव कोणी काढलं नाही. काढलं ते रामेश्वरजींनीच. किती हवा आहे ते विचारलं आणि वर मला टोमणा मारला की मका माझ्या घरचा आहे, मजेत आहे, वहीत लिहून ठेव.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या ट्रॉली गेटवर आल्या. मी प्रत्येक ट्रॉलीचा मका वाडग्यात घेऊन कानाशी हलवला. दोन ट्रॉली ओलसर निघाल्या. रामेश्वरजींना फोन करून तसं सांगायची माझी हिंमत होईना, ताईंनी माझ्याकडूनच तो फोन करवला. रामेश्वरजींनी ट्रॉली बदलून दिल्या आणि वर म्हणाले, अच्छा है, कान तो थारा ठीक है. मका पुरेसा नव्हताच, पण आमच्या म्हशींना तांदळाच्या कणीची आणि बाजरीची ओळख होती, ताईंनी मक्याला ज्या ज्या महिन्यात मारलं होतं त्या पुण्याईने. गीताबाईंच्या एकाही म्हशीने टोपलं ढकललं नाही. जाम सुटला तेव्हा आमच्या मिलचं एकही गिऱ्हाईक उपाशी राहिलं नव्हतं आणि गीताबाईंच्या गोठ्यात अकराच्या अकरा उभ्या होत्या.

लोक आजही म्हणतात की दीदींचं नशीब चांगलं, ऐन वेळी मानपुरवाला भेटला. त्यांना मी इथे छापील उत्तर देतो. तो भेटला नाही. त्याला वर्षानुवर्षं दर मंगळवारी काही काम नसताना विचारलं गेलं होतं, म्हणून मधल्या तीन महिन्यांची माझी घाण पोटात घालून तो उभा राहिला. नशीब म्हणायचं असेल तर माझं म्हणा, की ती घाण त्याने पोटात घातली.

ताईंनी मला काढलं नाही. अग्रवालजींनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की एवढी मोठी चूक केलेला माणूस मला नवीन कुठे मिळेल, हा आता दुसरी करणार नाही. वही त्यांनी परत माझ्याकडेच दिली. पहिल्या मंगळवारी त्या माझ्या समोर बसून राहिल्या. मी एकेक नंबर लावला. पहिल्या चार फोनमध्ये मला काय बोलावं तेच कळेना. नमस्कार, कसे आहात, आणि मग गप्प. पाचव्याने विचारलं, “कंई काम थो, भिया?” मी म्हटलं, काही नाही. तो हसायला लागला आणि त्याने अर्धा तास त्याच्या जावयाबद्दल सांगितलं. ताई उठून गेल्या.

आता आमच्या वहीत प्रत्येक पानावर घरातल्या बायकांची नावं आहेत. ते काम आम्ही दोघांनी मिळून केलं, दोन महिने लागले.

ताईंच्या वैयक्तिक उपकारांबद्दल लिहायला गेलो तर ग्रंथ मला एकट्यालाच लागेल. बाबांना ॲडमिट केलं तेव्हा रोज संध्याकाळी डबा घेऊन येणाऱ्या ताई होत्या. माझं डोकं फिरलं की समोर पाण्याचा ग्लास ठेवून, आधी हा, मग फोन, असं सांगणाऱ्याही त्याच. राहिलेली डिग्री पूर्ण करायचा फॉर्म त्यांनी आणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. तो अजून कोराच आहे. हे इथे छापलं जाणार, म्हणजे आता भरावाच लागेल. ताई, तुमची हीच युक्ती असणार, मला कळतं.

आणि पुण्याचं. संपादक हे कापतील, तरी लिहितो. त्या टाकीतलं पेट्रोल मानपुरच्या कामी आलं ते बरं झालं. मी पुण्याला गेलो नाही. महिनाभर फोनही केला नाही. मग एका रविवारी लावला आणि तिच्या आईचा गुडघा कसा आहे, ते विचारलं. तिला वाटलं मी दारू प्यायलो आहे. मी म्हटलं, नाही, काही काम नाही, सहज. पुढच्या रविवारी तिने विचारलं की म्हैस खरंच कणी खाते का. याहून जास्त सध्या सांगण्यासारखं नाही. ती उचलते, कधी उचलत नाही. नाही उचलला तर मी पुन्हा लावत नाही. माझ्यासारख्यासाठी हे किती कठीण आहे, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

येत्या महिन्यात ताई निवृत्त होत आहेत. परवा त्यांनी शेवटचा फळा पुसला. त्या दिवशी त्यांनी कोणत्याही मालाचं नाव पुसलं नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘खरेदी प्रमुख’ या शब्दांपुढे त्यांचं नाव होतं, ते ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाल्या, आज ही नाही असं धरून चाला. आम्ही दिवसभर चाललो. तीन ठिकाणी अडलो, दोन ठिकाणी चुकलो, संध्याकाळी सहाला सगळा माल रवाना झाला. कोणीही “दीदी ने किसको मारा” असं विचारलं नाही. ताई कोपऱ्यात बसून सगळं बघत होत्या आणि जाताना म्हणाल्या, होईल.

संध्याकाळी मी वही कपाटात ठेवताना सहज चाळली. शेवटी एक नवीन पान होतं, ताईंच्या अक्षरात. वर नाव: नलिनी दिघे. खाली नंबर. मग ओळी: ‘डावा गुडघा. डोळा आता ठीक. चहा बिनसाखरेचा. भाव विचारू नये.’ त्याखाली तारखांसाठी रेघा मारलेल्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण पानं पुष्कळ सोडली होती, आणि वहीची उरलेली सगळी पानं त्यांनी याच नावासाठी राखली होती, असं मला वाटतं.

ताई, ही सगळी पानं भरेपर्यंत तुम्ही ठणठणीत राहा. ही संपली की मी नवी वही आणीन, तीही खाकी कव्हरचीच, आणि तीसुद्धा आपण सावकाश भरू. येत्या मंगळवारी दहा वाजता फोन करतो. खरोखर करीन. काम काही नाही.